धान्यातील बुरशीनाशकाचा अंश रंगावरून मोजताना

पेरणी उरकली की पिशवीच्या तळाशी थोडेफार बियाणे उरतेच. त्याला थायरम किंवा तसलेच बुरशीनाशक चोळलेले असते, दाण्यावर गुलाबी-लाल रंग असतो आणि हे बियाणे खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नये अशी सूचना पिशवीवर छापलेली असते. ती बियाणे नियम, १९६८ नुसार बंधनकारक आहे. तरीही असे दाणे राशीत शिरतात. रिकाम्या पिशवीत धान्य भरले जाते, गोदामात सांडलेले झाडून पुन्हा पोत्यात जाते, नाहीतर महागाचे बियाणे वाया कशाला घालवायचे म्हणून कोणी ते धुऊन गिरणीत नेते.

धुण्यावर विसंबू नये. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पेरणीसाठी वाटलेला गहू आणि बार्ली लोकांनी दळून खाल्ली. त्या बियाण्याला मिथाइल पारा असलेले बुरशीनाशक चोळलेले होते. दाणे धुतल्यावर रंग गेला, पारा राहिला. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. थायरम पाऱ्याच्या संयुगाइतके घातक नाही, त्यामुळे उगाच घबराट नको. पण रंग गेला म्हणजे औषध गेले असे नाही, हे इथेही खरे आहे आणि म्हणूनच धान्यातला उरलेला अंश मोजावा लागतो.

हा लेख महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभाग, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या छोट्या प्रयोगशाळा आणि अन्नचाचणीचे काम नव्याने हाती घेणारे तरुण यांच्यासाठी आहे. त्यांच्याकडे महागडे मास स्पेक्ट्रोमीटर नसते, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र असतो. तेवढ्यावरही एका मोठ्या गटातील बुरशीनाशकांचे विश्वासार्ह मोजमाप करता येते. हा गट म्हणजे डायथायोकार्बामेट: थायरम, झायरम, मॅन्कोझेब, झिनेब, प्रोपिनेब. यंत्रात आकडा उमटवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. आकड्याची पत त्याआधीच्या हातकामावर ठरते आणि त्यातही सर्वांत जास्त नमुन्यावर.

नमुना

थोडे गणित करू. गव्हाला ७५ टक्के थायरम असलेली भुकटी किलोमागे ३ ग्रॅम चोळतात. म्हणजे एक किलो बियाण्यावर २,२५० मिलिग्रॅम थायरम असते. पुढे सांगितलेल्या पद्धतीत आपण थायरम थेट मोजत नाही, त्यातून सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजतो. १ मिलिग्रॅम थायरममधून ०.६३ मिलिग्रॅम कार्बन डायसल्फाइड मिळतो, तेव्हा त्या बियाण्यात किलोमागे साधारण १,४२५ मिलिग्रॅम निघेल. गव्हाचा दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला, तर औषध लावलेल्या एकेका दाण्यातून सुमारे ५७ मायक्रोग्रॅम.

आता उदाहरणापुरती किलोला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा धरू. (प्रत्यक्ष काम करताना एफएसएसएआयची त्या धान्यासाठीची ताजी यादी पाहावी, मर्यादा बदलत असतात.) एक किलो गव्हात सुमारे २५,००० दाणे असतात. ही मर्यादा गाठायला त्यांत औषध लावलेले तीन-चार दाणे पुरतात. आपण फ्लास्कमध्ये घेतो ५० ग्रॅम, म्हणजे १,२५० दाणे. राशीतला अंश नेमका मर्यादेवर असेल, तर अशा उपनमुन्यात सहापैकी पाच वेळा औषधाचा एकही दाणा येणार नाही आणि आपण निर्धास्तपणे 'आढळले नाही' असे लिहून मोकळे होऊ. सहाव्या वेळी एक दाणा येईल आणि तेवढ्यावर अहवालात किलोला १.१ मिलिग्रॅम झळकेल. दोन्ही वेळा यंत्र बरोबर असेल, द्रावणे बरोबर असतील आणि राशीबद्दलचा निष्कर्ष मात्र चुकलेला असेल.

म्हणून एकाच पोत्यातून मूठभर धान्य आणून चालत नाही. पोत्यात खुपसायच्या टोकदार नळीने अनेक पोत्यांतून, प्रत्येकाच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे काढावे. ते एकत्र करून स्वच्छ कागदावर पसरावे, चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा मिसळावे, पुन्हा चार भाग पाडावेत. प्रयोगशाळेत पोहोचणारा नमुना किमान एक किलोचा असावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या मार्गदर्शक सूचनाही धान्यासाठी एवढेच मागतात.

पुढची पायरी बिनखर्चाची आहे आणि तरीही बहुतेक जण ती गाळतात. तो अख्खा किलो पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून चांगल्या उजेडात निवडायला बसा. रंगीत दाणे वेगळे काढा, मोजा, वजन करा. ते स्वतंत्र तपासा. अंश भरपूर असतो, त्यामुळे थोडेच घ्यावे लागतात. उरलेल्या धान्याचे ५० ग्रॅमचे निदान पाच उपनमुने वेगवेगळे तपासा. पाच आकड्यांतला फरकच पुष्कळ सांगतो. चार ठिकाणी शून्य आणि एका ठिकाणी एकदम मोठा आकडा आला, तर औषध लावलेले आणि बहुधा धुतलेले दाणे मिसळले आहेत असे समजावे. पाचही आकडे जवळपास सारखे आले, तर अंश सगळ्या दाण्यांवर पसरलेला आहे: शेतातल्या फवारणीचा किंवा औषधाच्या पिशवीतल्या धुळीचा. सरासरी काढून एकच आकडा कळवला की ही माहिती हरवते.

धान्य आधी दळून ठेवू नये. ही संयुगे उष्णता आणि ओलावा यांपुढे टिकत नाहीत आणि गिरणीत दोन्ही मिळतात. थायरम पृष्ठभागावर राहणारे औषध असल्यामुळे अख्खे दाणे थेट आम्लात टाकले तरी चालते. दळणे अटळच असेल, तर कोरड्या बर्फाबरोबर दळून त्याच वेळी वजन करून वापरावे.

फ्लास्कपासून रंगापर्यंत

या गटातली सर्व बुरशीनाशके तीव्र आम्लात तापवली की मोडतात आणि कार्बन डायसल्फाइड वायुरूपात सुटतो. आम्ल हायड्रोक्लोरिक, सोबत स्टॅनस क्लोराइड. स्टॅनस क्लोराइड ऐच्छिक समजू नये. थायरमच्या रेणूचे दोन अर्धे गंधकाच्या दुव्याने जोडलेले असतात. तो दुवा क्षपणाने तुटला तरच दोन्ही अर्ध्यांतून पूर्ण उत्पन्न मिळते. द्रावण त्याच दिवशी करावे, कारण हवेत ते हळूहळू निकामी होते.

दाणे आणि आम्ल फ्लास्कमध्ये घालून अर्धा-पाऊण तास उकळवतात. वर थंड पाण्याचा कंडेन्सर असतो. तो पाण्याची आणि आम्लाची वाफ परत खाली पाडतो; कार्बन डायसल्फाइड मात्र ४६ अंशांनाच उकळतो, म्हणून नायट्रोजनच्या किंवा ओढलेल्या हवेच्या मंद प्रवाहाबरोबर तो पुढे निघून जातो. वाटेत सोडियम हायड्रॉक्साइडचा ट्रॅप लागतो आणि शेवटी रंगाच्या द्रावणाची नळी. त्या द्रावणात इथेनॉलमध्ये थोडे कॉपर ॲसिटेट आणि भरपूर डायइथेनॉलअमीन असते. कलन यांनी १९६४ मध्ये अन्नपिकांसाठी मांडलेल्या पद्धतीतले हे द्रावण आजही वापरात आहे. कार्बन डायसल्फाइड अमीनशी जुळतो, त्यातून बनलेले संयुग तांब्याला धरते आणि द्रावण पिवळे होते. हा पिवळा रंग ४३५ नॅनोमीटरला मोजायचा. युरोपीय मानक ईएन १२३९६ च्या पहिल्या भागात हीच पद्धत आहे.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की मोजायचा पदार्थ धान्य सोडून बाहेर येतो. उकळत्या आम्लात पिष्टाचे साखरेत रूपांतर होते, फ्लास्कमध्ये तपकिरी रबडी साठते, पण त्यातले काहीही रंगाच्या नळीत पोहोचत नाही. याउलट कार्बेन्डॅझिमसारखे बुरशीनाशक थेट अतिनील प्रकाशात, २८० नॅनोमीटरच्या आसपास मोजायला गेलो, तर अडचण येते. धान्यातली प्रथिने तिथेच शोषण दाखवतात, कोंड्यातील फेरुलिक आम्ल ३२० च्या आसपास, आणि त्यांचा पसारा औषधाच्या शोषणावर चढतो. नीट शुद्धीकरण केल्याशिवाय तसा आकडा काढून कोणाच्याही धान्याबद्दल मत देऊ नये.

सोडियम हायड्रॉक्साइडचा ट्रॅप हायड्रोजन सल्फाइड अडवण्यासाठी असतो. धान्याच्या प्रथिनांत गंधक असतो. तापवल्यावर थोडा वायू सुटतोच. तो पुढे गेला तर तांब्याशी मिळून तपकिरी गढूळपणा येतो आणि यंत्र त्यालाही रंगच समजते. ट्रॅपमधले द्रावण प्रत्येक नमुन्याला बदलावे. नळीतले द्रावण पिवळे असूनही स्वच्छ पारदर्शक नसेल, तर ते रीडिंग घेऊच नये.

प्रवाह किती असावा? फार जोरात सोडला तर कार्बन डायसल्फाइड रंगाच्या द्रावणात न विरघळता निसटतो. फार मंद असला तर तो फ्लास्कमध्येच घुटमळतो. मांडणी नवी असताना एका नळीपुढे दुसरी तशीच नळी जोडावी. दुसरी पिवळी पडू लागली तर प्रवाह कमी करावा. सांध्यांतून गळती नाही ना, हे दर वेळी साबणाच्या पाण्याने तपासावे.

आणि रबर. रबर पक्के करताना वेग वाढवण्यासाठी त्यात जी रसायने मिसळतात, त्यांत थायरम आणि झायरमच असतात. रबरी बूच, रबरी नळी, इतकेच काय हातमोजेसुद्धा आम्लाच्या वाफेच्या किंवा धान्याच्या संपर्कात आले की निखळ स्वच्छ धान्यातही 'बुरशीनाशक' सापडू लागते. सगळे सांधे घासलेल्या काचेचे घ्या, त्यांवर टेफ्लॉनचे आवरण चालेल. निवडलेले दाणे चिमट्याने उचला. ब्लँक, म्हणजे औषध नसलेल्या धान्याचे रीडिंग, अकारण वर सरकू लागला की पहिला संशय रबरावर घ्यावा.

धान्यात मोहरीचे दाणे दिसले तर तेही निवडून काढावेत. मोहरी, कोबी, कांदा, लसूण यांतली नैसर्गिक गंधकयुक्त संयुगे याच परिस्थितीत कार्बन डायसल्फाइड देतात, त्यामुळे औषध नसतानाही रंग येतो. ज्वारी, गहू, तांदळाला हा त्रास नाही. हीच पद्धत उद्या लसणाला लावायचा मोह मात्र टाळावा.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण मनापासून. कार्बन डायसल्फाइडची वाफ सुमारे ९० अंश तापमानाच्या पृष्ठभागावरही ठिणगीशिवाय पेटू शकते. स्टँडर्ड द्रावण करताना जवळ चालू हॉटप्लेट असू नये आणि सर्व काम फ्यूम हूडमध्येच व्हावे. तांबे आणि कथिल असलेली वापरलेली द्रावणे मोरीत ओतू नयेत.

आकडा काढताना

यंत्र खरे बोलते आहे का, हे आधी पाहावे. तरंगलांबीसाठी होल्मियम ऑक्साइडचा फिल्टर आणि शोषणासाठी पोटॅशियम डायक्रोमेटचे प्रमाणित द्रावण वापरतात. ४३५ नॅनोमीटरला काचेचे क्युव्हेट पुरते. रंग उमटल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि प्रत्येक नमुन्याला, प्रत्येक स्टँडर्डला तितकाच वेळ द्यावा.

स्टँडर्ड कर्व्ह कार्बन डायसल्फाइडच्या ताज्या द्रावणावरून काढता येते. तेवढ्यावर थांबू नये. थायरमची ठरावीक मात्राही अख्ख्या मांडणीतून, म्हणजे फ्लास्कपासून नळीपर्यंत, नेऊन पाहावी. पहिल्यावरून रंग कळतो, दुसऱ्यावरून आपले हातकाम.

समजा, अंतिम घनफळ २५ मिलिलिटर, एक सेंटिमीटरचे क्युव्हेट आणि कर्व्हचा उतार दर मायक्रोग्रॅमला ०.००४ आला. ५० ग्रॅम गव्हाचे शोषण ०.१३२ आले, औषध न लावलेल्या गव्हाच्या ब्लँकचे ०.०१२. फरक ०.१२०, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोला ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायसल्फाइड. हे थायरममुळे असेल तर १.५८ ने गुणून ०.९५ मिलिग्रॅम थायरम. झायरममुळे असेल तर १.२ मिलिग्रॅम झायरम. मॅन्कोझेब असेल तर सुमारे १.०७. पिवळा रंग एकच, औषधे तीन आणि आकडे तीन. रंगावरून औषधाचे नाव कळत नाही आणि म्हणूनच कोडेक्सच्या मर्यादा कार्बन डायसल्फाइडच्या रूपात लिहिलेल्या असतात. १.५८ ने गुणून काढलेला थायरमचा आकडा त्या मर्यादेशी ताडून पाहणे ही सर्रास घडणारी चूक आहे. त्यात धान्यावर अन्याय होतो.

याच उदाहरणात किलोला ०.२ मिलिग्रॅम म्हणजे फक्त १० मायक्रोग्रॅम, म्हणजे शोषण ०.०४. हे थोडकेच आहे. औषधविरहित गव्हाचे दहा ब्लँक चालवले आणि त्यांच्या रीडिंगचे प्रमाण विचलन ०.००३ निघाले, तर दहापट विचलनाच्या नियमाने किलोला ०.१५ मिलिग्रॅमच्या खालचा आकडा भरवशाचा नाही. म्हणजे ०.२ ची मर्यादा आपण जेमतेम तपासू शकतो. अंतिम घनफळ १० मिलिलिटरवर आणले किंवा चार सेंटिमीटरचे क्युव्हेट वापरले तर सुधारणा होते. आणखी संवेदनशीलता हवी असेल, तर त्याच ईएन १२३९६ च्या तिसऱ्या भागातली पद्धत आहे: कार्बन डायसल्फाइड मिथेनॉलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पकडायचा आणि ३०२ नॅनोमीटरला मोजायचा. तिथे क्वार्ट्झचे क्युव्हेट लागते. पण ग्राहक ०.०१ मिलिग्रॅमच्या पातळीची हमी मागत असेल, तर ती या यंत्रावर देता येत नाही, असे स्पष्ट सांगून नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. अशा स्पष्टपणाने आपल्या प्रयोगशाळेचे वजन वाढते, कमी होत नाही.

रिकव्हरीची चाचणी नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर घ्यावी. औषधविरहित ५० ग्रॅम गव्हावर १५.८ मायक्रोग्रॅम थायरम टाकले की किलोला ०.२ मिलिग्रॅम कार्बन डायसल्फाइडची पातळी होते. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम थायरमचे क्लोरोफॉर्ममधले द्रावण असेल, तर ते सुमारे ०.१६ मिलिलिटर होते. क्लोरोफॉर्म उडून जाऊ द्यावा, अर्धा तास थांबावे, मग फ्लास्कमध्ये घालावे. मॅन्कोझेब बहुतेक द्रावकांत विरघळत नाही, म्हणून त्याची रिकव्हरी थायरमवरून गृहीत धरू नये. ७० ते १२० टक्क्यांत उत्तर आले तर तुकडी ग्राह्य. ५५ टक्के आले, तर आकड्याला गुणक लावून तो 'दुरुस्त' करू नये. गळती, प्रवाह आणि स्टॅनस क्लोराइड तपासून तुकडी पुन्हा करावी.

अहवालात काय लिहावे

'थायरम: ०.९५' असे लिहू नये. 'डायथायोकार्बामेट गट, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात, ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो' असे लिहावे. शेजारी उपनमुने किती होते, त्यांचे स्वतंत्र आकडे, रिकव्हरीची टक्केवारी आणि मोजता येणारी किमान पातळी. काहीच आले नाही तर नुसते 'आढळले नाही' पुरेसे नाही, '०.१५ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी' असे लिहावे. रंगीत दाणे निघाले असतील तर त्यांची संख्या आणि वजन पहिल्या ओळीत यावे. राशीच्या मालकाला तीच माहिती सर्वांत उपयोगी असते: धान्य पुन्हा चाळून, निवडून घ्यायचे की पिशव्यांचा उगम शोधायचा, हे तो तीवरून ठरवू शकतो.

मर्यादेच्या वरचा किंवा तिच्या अगदी जवळचा आकडा आला, तर त्यावर कोणाचा माल नाकारण्याआधी तो दुसऱ्या पद्धतीने पडताळलाच पाहिजे. त्यासाठी सुरुवातीलाच त्याच एकत्र केलेल्या धान्यातला तेवढाच दुसरा भाग वेगळा काढून, न उघडता, सीलबंद करून, तारीख आणि पोत्यांची नोंद लिहून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि गरज पडल्यास एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला तोच भाग पाठवावा. सोबत आपले पाचही आकडे आणि निवडून काढलेले दाणे द्यावेत, म्हणजे त्यांनाही नमुना किती विषम आहे हे आधीच कळेल आणि ते एकाच फ्लास्कवर निकाल देणार नाहीत.